कमिटीवरचा मेंढपाळ

दुकानातली नोकरी आहे असं सांगून एजंटने मला ओमानला पाठवलं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. विमानतळावरून पिकअपमध्ये बसवलं ते थेट सूर शहराच्या अलीकडच्या वाळवंटात उतरवलं. समोर पत्र्याची शेड आणि मेंढरं. रत्नागिरीच्या खाडीकाठी वाढलेला मी. मेंढरू कुठून धरायचं तेही मला ठाऊक नव्हतं. सहा वर्षं तिथे काढली. मग अर्बाबनेच, म्हणजे मालकानेच, मला मस्कतला आणून आपल्या मटणाच्या दुकानावर बसवलं. तिथल्याच वादी अदाई भागात खोली घेतली, लग्न केलं, बायकोला इकडे आणलं.

आमच्या कोकणी मंडळाच्या निवडणुकीला मी उभा राहिलो तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, "मेंढरं हाकणारा आता माणसं हाकणार काय?" लोक हसले. मी माईक घेऊन एवढंच बोललो, "वाळवंटात अडकलेल्या माणसाला फोन करायला कुणी नसतं. माझा नंबर लिहून घ्या." अल् खुवैरच्या उच्चभ्रू वस्तीतल्या एका इंजिनिअरला हरवून मी निवडून आलो. बायकोने शेजारपाजारी शेवया वाटल्या.

जूनमधल्या एका मंगळवारी फोन आला. माणूस रायगडचा, चाळिशीचा, वाळवंटात मेंढरं राखणारा. माझा नंबर त्याला गावच्या कुणीतरी दिला होता.

"भाय, पाणी खलास होत आलाय. तीन दिस टँकर नाय. अर्बाब इस्पितळात, त्याचा पोरगा फोन उचलत नाय."

"प्यायला आहे का तुला?"

"माझ्यापुरता हाय. मेंढरांचा काय करू?"

मी त्याच्याकडून लोकेशन मागवून घेतलं. त्याच वेळी गाडी काढायला हवी होती. पण आता मी कमिटीवर होतो ना! मंडळामार्फत, रीतसर काम करावं असं वाटलं. अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "उद्या मीटिंग आहे, त्यात विषय घेऊ." बुधवारच्या मीटिंगमध्ये ईदच्या कार्यक्रमाच्या हॉलवरूनच दीड तास वाद झाला. माझा विषय शेवटी आला आणि "वकिलातीला पत्र पाठवावे" असं ठरलं.

घरी येऊन त्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. 

गुरुवारी पहाटे फजरची नमाज झाल्याबरोबर पाण्याचे कॅन भरून निघालो. डांबरी रस्ता सोडल्यावर गाडी दोनदा वाळूत रुतली. शेड दिसली तेव्हा मेंढरं पाण्याच्या कोरड्या डोणीभोवती पडलेली होती. काही मेलेली, काहींच्या नुसत्या कुशी हलत होत्या. तो माणूस सावलीत एक कोकरू मांडीवर घेऊन बसला होता. ओठ फुटलेले. स्वतःचं पाणी त्याने कोकरांना पाजलं होतं.

त्याला आधी पाणी दिलं. मग कॅन उघडला, तशी उभी राहू शकणारी सगळी मेंढरं माझ्या अंगावर आली. एवढ्याशा पाण्यात सगळी जगणार नव्हती. कुणाला द्यायचं? मी दूध देणाऱ्या मेंढ्या ओढून बाजूला काढू लागलो आणि बाकीच्यांना लाथेने मागे लोटू लागलो. एक म्हातारी मेंढी पुन्हा पुन्हा येत होती. तिला मी तीनदा ढकललं.

निघतानाच पोलिसांना फोन केला होता. दुपारी त्यांची गाडी आणि मागोमाग टँकर आला. तोवर निम्म्याहून अधिक मेंढरं गेली होती.

"चल, माझ्याबरोबर मस्कतला," मी त्याला म्हणालो.

"ही उरलीत त्यांना कोण बघील?" तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "भाय, तुमी पण हेच काम केलाव ना? मग मंगळवारीच का नाय आलाव?"

 टँकरवाला पाइप गुंडाळत होता, त्याला मदत करायला मी गेलो.

नंतर अर्बाबच्या मुलाने येऊन माफी मागितली, उरलेली मेंढरं ताब्यात घेतली आणि त्याला गावी सोडण्याच्या कागदांवर सह्या केल्या. तो माणूस गावी परतला. विमानतळावर मीच त्याला सोडलं. वाटेत तो फक्त कोकरांबद्दल बोलला.

पुढच्या मीटिंगमध्ये अध्यक्षांनी माझ्या सत्काराचा ठराव मांडला. टाळ्या सुरू झाल्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "त्याने मंगळवारी फोन केला होता. मी गुरुवारी गेलो. हे आधी लिहून घ्या."

सेक्रेटरीने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी नजर खाली घातली. मग सेक्रेटरीने पेन उचलून वहीत ते लिहिलं.