सक्षमसाहेब आणि चौदा फुटी टेबल

कॉलेजातल्या सुताराला सगळे मामा म्हणत. नोकरी एकतीस वर्षांची, त्यातली शेवटची बारा परदेशी मुलांच्या वसतिगृहात. शिक्षण सातवी, स्वभाव तिरसट. एकदा बोललेलं पुन्हा सांगायचा नाही, पण दोनदा मोजल्याशिवाय करवतीला हातही लावायचा नाही.

तो वसतिगृहात आला तेव्हा पोरं आपापल्या खोलीत दार लावून जेवायची. स्वयंपाकघरात शेगड्या चार, बसायला काही नाही. व्याख्यानगृहाची जुनी बाकं मोडीत निघाली होती. मामाने ते लाकूड मागून घेतलं आणि टेबल करायला घेतलं. चौदा फूट लांब. एवढं धूड जिन्याच्या वळणावरून जाणार नव्हतं, म्हणून सहा फळ्या, सहा पाय आणि सगळे सांधे लाकडी पाचरींवर. खिळा एकही नाही.

फळ्या धरायला पोरं आली. त्यातल्या एका उंच पोराच्या देशात करवत ढकलत नाहीत, ओढतात. मामा त्याला हसला. पोराने करवतीचं पातं काढून उलटं बसवलं आणि एक फळी कापून दाखवली. मामाने कापावरून बोट फिरवलं, हसू गिळलं आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ओढून कापायला शिकला. दोघा पोरांच्या देशांचं आपसांत वाकडं होतं. मामाने एकाच फळीची दोन टोकं त्यांच्या हातात दिली. फळी जड असली की तोंड चालत नाही.

टेबल उभं राहिलं आणि खोल्यांची दारं उघडली. ती पोरं शिकून गेली, नवी आली, टेबल तिथंच.

मग कॉलेजात 'बहुसांस्कृतिक सक्षमता केंद्र' निघालं. त्याचे प्रमुख दोनदा परदेशी जाऊन आले होते, मिळून सतरा दिवस. दुसऱ्याची संस्कृती कशी समजून घ्यावी हे ते पडद्यावर बाण काढून समजावत. सहा आठवडे बसलं की प्रमाणपत्र. परदेशी पोरांपैकी एकाचंही नाव त्यांना धड घेता येत नव्हतं. चौकीदाराने त्यांचं नाव सक्षमसाहेब ठेवलं, ते मात्र सगळ्यांना पाठ झालं.

एका मंगळवारी सक्षमसाहेब पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात आले. नाकाला रुमाल लावून.

"शुक्रवारी बाहेरची समिती येणार आहे. या टेबलाचे चार तुकडे करा. मुलं चार खंडांतली आहेत, प्रत्येक खंडाला एक. वर झेंडे येतील."

"कशासाठी?"

"प्रत्येकाला आपल्या संस्कृतीत सुरक्षित वाटलं पाहिजे."

"साहेब, पोरं इथं जेवायला बसतात. सीमेवर पहारा द्यायला नाही."

"तुम्हाला नाही कळायचं ते. अभ्यासाचा विषय आहे."

"असेल. पाय किती आहेत टेबलाला?"

साहेबांनी वाकून पाहिलं नाही. "चार. टेबलाला चारच असतात."

"सहा आहेत. दोन टोकांना दोन-दोन, मधे दोन. चार तुकडे केले तर एकही उभा राहायचा नाही."

साहेबांचे कान लाल झाले. "जमत नसेल तर तसं सांगा. परवा सकाळी मशीनवाला बोलावतो. शुक्रवारी हे टेबल असं दिसता कामा नये."

मामा घरी आला आणि ताटातली भाकरी नुसती मोडत बसला. बायकोने पाहिलं.

"काय झालं? पोटात दुखतंय का?"

"टेबल कापणार आहेत."

"तुमचं?"

"माझं कसलं? पोरांचं."

"मग पोरांना सांगा की. इथं माझ्यापुढं तोंड पाडून काय होणार?"

बाईने दोन वाक्यांत जे सांगितलं, ते सक्षमसाहेबांच्या सहा आठवड्यांत बसत नव्हतं.

बुधवारी दुपारी मामाने पोरांना बोलावून सगळं सांगितलं आणि पाचरींवर हातोडी धरली. यातल्या एकाही पोराने टेबल बनताना पाहिलं नव्हतं. लांब वेणीवाली एक मुलगी पाचर हातात घेऊन म्हणाली, "मामा, हे तर आमच्या आजोबांच्या होडीसारखं आहे, बिनखिळ्याचं!" मग तीच इतरांना हातवारे करून सांगू लागली. तासाभरात सहा फळ्या आणि सहा पाय खाली मामाच्या सुतारकामाच्या खोलीत भिंतीला टेकले.

गुरुवारी मशीनवाला रिकाम्या फरशीकडे बघून परत गेला. साहेब धापा टाकत आले.

"टेबल कुठंय?"

"तुम्हीच म्हणालात, शुक्रवारी असं दिसायला नको. दिसणार नाही."

साहेबांनी धावाधाव करून चार पांढरी टेबलं आणवली. त्यांवर झेंडे लावले, खुर्च्या मांडल्या.

शुक्रवारी समिती आली तेव्हा पोरं खिडकीला टेकून, हातात ताटल्या घेऊन उभ्याने जेवत होती. समितीतल्या वयस्क बाईंनी विचारलं, "बसत का नाही?"

"कुठं बसू?" वेणीवाली म्हणाली. "माझी आई एका खंडातली, बाप दुसऱ्यातला. टेबल दोन, मी एक."

"मग रोज कुठं बसता?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. ताटल्या ओट्यावर ठेवल्या आणि खाली पळाली. पाय आले, फळ्या आल्या. "धर", "थांब", "तसूभर डावीकडे". मामा दारात उभा राहिला, हात मागे बांधून. एका ठिकाणी पाचर उलटी लागली, तेव्हा फक्त खाकरला. पाऊण तासात टेबल उभं. समिती त्यावरच जेवायला बसली. जाताना बाई म्हणाल्या, "याला हात लावू नका."

हे सक्षमसाहेबांनी मान डोलावून ऐकलं, जणू त्यांनीच सुचवलं होतं. अहवालाच्या मुखपृष्ठावर टेबलाचा फोटो आला. 'केंद्राच्या उपक्रमातून साकारलेले'. फोटोत साहेबांच्या हातात हातोडी, तीही डोक्याकडून धरलेली. झेंडे साहेबांच्या कपाटात गेले.

मामाला एक प्रमाणपत्र मिळालं. 'सहभागाबद्दल'. साहेबांच्या एकाच सहीचं, जाड कागदाचं. टेबलाच्या पायाखाली घालावं असं त्याच्या मनात आलं, म्हणून त्याने सहाही पाय हलवून पाहिले.

एकही डुगडुगत नव्हता. त्या कागदाचा तेवढाही उपयोग झाला नाही.