दिव्यानंतरची गोळी

माझ्या धाकट्या बहिणीला सातव्या वर्षापासून फिट यायच्या. रोज एक गोळी, एकही दिवस खंड पडता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई जन्माची विसराळू. म्हणून तिने गोळ्यांची बाटली देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. संध्याकाळी दिवा लावला की लगेच गोळी. दहा वर्षांत तिचा ना दिवा चुकला, ना गोळी.

आमचं घराणं बडोदे संस्थानाच्या फौजेतलं. फौज गेली, दसऱ्याला पुजायची तलवार तेवढी उरली, आणि बाबा मकरपुऱ्यात एका कारखान्यात लेथवर उभे राहिले. बडोद्यात घरोघरी केबल टीव्ही येत होता, त्याच दिवसांत कारखान्यातली माणसं कमी होऊ लागली. दारूबंदीच्या राज्यात राहून बाबा रोज पिऊन यायला लागले. त्यांच्या खात्यातले एक फिटर बाजव्याला येशूची प्रार्थना घेत. सगळे त्यांना भाई म्हणत. ते बाबांना घेऊन गेले आणि बाबांची दारू सुटली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे आजही मला त्या माणसाची टिंगल करवत नाही.

वर्षभरात आम्ही चौघांनी बाप्तिस्मा घेतला. देवांचे टाक आणि तलवार काका घेऊन गेले. देव्हारा रिकामा राहिला, पण आईची दिवा लावायची सवय राहिली आणि खणातली बाटलीही. बाटगा जास्त कडवा, असं काका जाताना म्हणाले. माझ्या बाबतीत ते खरं होतं. मी कॉलेजात होते, वचनं पाठ करायचे आणि भाईंनी मान डोलावली की दिवसभर हवेत असायचे.

एका रविवारी दुपारी आमच्याच घरी प्रार्थना चालू असताना बहिणीला फिट आली. भाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून अशुद्ध आत्म्याला निघून जायची आज्ञा केली. फिट दोन मिनिटांत थांबली. नेहमीच दोन मिनिटांत थांबायची. आई त्या दिवसाची गोळी लगेच द्यायला खणातून बाटली घेऊन आली. भाईंनी ती कुठून आली ते पाहिलं आणि मुद्दाम मान फिरवली. कारण नियम त्यांनीच आम्हाला शिकवला होता: समोर आलेलं खावं, मूर्तीला वाहिलेलं आहे का, असं विचारू नये. पण कोणी आपणहून तसं सांगितलं, तर मात्र खाऊ नये.

मी सांगितलं. "भाई, ही गोळी देव्हाऱ्यात असते. दिवा लावल्यावरच देतात."

त्यांनी फिरवलेली मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "हवे तें कही दीधुं, बेटा." म्हणजे, आता तू सांगून टाकलंस. आता त्यांचाही इलाज नव्हता.

आई म्हणाली, "मेडिकलमधून नवी बाटली आणते की." भाईंनी पवित्र शास्त्र उघडलं. जुन्या करारात विटाळाला सात दिवस सांगितले होते. सात दिवस उपास-प्रार्थना, म्हणजे तो आत्मा निघून जाईल, आणि आठव्या दिवशी नवी बाटली, असं ठरलं. एरवी आई भांडली असती. पण सुतकाचे दहा, विटाळाचे चार हे ती माहेराहून शिकून आली होती. त्यात हे सात तिला परके वाटले नाहीत.

भाईंनी स्वतःही त्या दिवसांत अन्न सोडलं. नुसतं पाणी पिऊन कारखान्यातली पाळी भरत होते.

पाचव्या दिवशी बहीण मला म्हणाली, "ताई, हाताला मुंग्या येतायत. एकच गोळी घेऊ?"

"दोनच दिवस राहिलेत," मी म्हणाले. "विश्वास ठेव."

सहाव्या दिवशी सकाळी फिट आली आणि थांबली नाही. एक संपायच्या आत दुसरी. मी गुडघ्यांवर बसून वचनं म्हणत होते. आई अनवाणी धावत जाऊन रिक्षा घेऊन आली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळी बंद केली होती?" बाबा म्हणाले, "सात दिवसांसाठीच." दुपारी ती गेली. ती सतरा वर्षांची होती. भाईंनी कबरीवर माती टाकली. त्यानंतर त्यांनी कोणाच्याही डोक्यावर हात ठेवला नाही, असं बाबा सांगत.

मूर्तीला वाहिलेल्याचा तो नियम मी पुन्हा वाचला तो फार वर्षांनी. त्याच्या पुढेच लिहिलं आहे की हे वर्ज्य करायचं ते खाणाऱ्याच्या मनासाठी नव्हे, तर ज्याने सांगितलं त्याच्या मनासाठी. म्हणजे माझ्या बहिणीची गोळी माझ्या मनाला ठेच लागू नये म्हणून थांबवली होती. आणि माझ्या मनात तेव्हा पाप-पुण्य काही नव्हतं. मला शाबासकी हवी होती.

मी हे आईला वाचून दाखवलं आणि कबूल केलं. ती भाजी निवडत होती.

"माहीत आहे," ती म्हणाली. "सांगताना तू हसत होतीस."