चेतनची जागा

"कपडा दिधात ते दिधात. लॅपटॉप काबर दिधा तुम्ही?" साडीवर टिकल्या चिकटवता चिकटवता भागीरथी म्हणाली. मान वर केली नाही.

"दहावा झाया का मरेल मानसनं सामान घरमा ठेवतस नही. त्यामा त्याना आवाज शे म्हनीसन माले काय माहीत?" हेमराज म्हणाला.

मुलगा गेल्यापासून हे भांडण याच शब्दांत चाललं होतं. आज धनश्री मध्ये पडली. "मम्मी, भाईचा दोस्त अभिजीत खाली उभा आहे. भाईचं गाणं कोण गाणार, त्याला आज जवाब पाहिजे."

चेतन पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये होता. घरी येताना हायवेवर ट्रकनं त्याची गाडी उडवली. रेगे ऐकता ऐकता तो स्वतःच तसं संगीत करायला लागला होता. ठेका एकच, त्यावर आठ जण आपापलं गाणं गाणार; याला रिडिम म्हणतात, हे त्यानंच आईला समजावलं होतं. भागीरथी तेव्हा हसली होती. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यावर तिच्या माहेरी दुसरं काय व्हायचं? चाल एकच, जी झोक्यावर बसेल तिनं आपल्या भावाचं नाव घालायचं. लग्न होऊन ती अमळनेरकडून इथं लिंबायतला आली, तेव्हा झोका माहेरी राहिला आणि चाली सोबत आल्या. त्यातलीच एक तिनं गुणगुणली आणि चेतननं ती ठेक्यात घातली.

कापडाचे लूम चालवून त्यांच्या खडखडाटानं हेमराजचे कान अधू झालेले. घरातलं बोलणं कळायचं, पण गाण्यातले शब्द कळायचे नाहीत. मग चेतन बापाचा तळहात स्पीकरवर टेकवायचा. "बाबा, आलं?" हेमराज मान हलवायचा.

ठेका अभिजीतकडे होता, सात जणांची गाणी तयार होती. आठवं चेतनचं, ते फक्त त्याच्या लॅपटॉपमध्ये. हेमराजनं तो कपड्यांबरोबर भाच्याला, सुपडूला दिला आणि सुपडूनं आतलं सगळं पुसून टाकलं.

"सुपडू म्हनस, मी गास. शब्द त्याले पाठ शेतस," हेमराज म्हणाला. "पोर्‍यानं गानं तरी राही."

"ज्यानी पुशी टाकं, तोच गाई?"

"चूक त्यानी नही. मनी शे."

हे तो पहिल्यांदाच बोलला. भागीरथीनं मान वर केली. हेमराज फळीपाशी उभा होता. तिथं चेतनचा स्पीकर धुतलेल्या फडक्याखाली झाकलेला होता. सगळं वाटून टाकलं, तेवढा एक त्यानं कुणाला दिला नव्हता. बंद स्पीकरवर त्याचा तळहात सपाट टेकलेला होता.

तिनं हातातली साडी बाजूला ठेवली. मग बोटांवरचा गोंद पदराला पुसून उठली.

"आठवं गानं कोनी गावाव नही," ती म्हणाली. "त्यानी जागावर नुसता ठेका वाजू दे. अखाजीले त्याना नावनी घागर भरी का तिना जोडे स्पीकर ठेवसूत. धनश्री, अभिजीतले सांगी ये."