लोहाऱ्याहून पाठवलेल्या मेलची पोच

त्या वर्षांत पुण्यात कुणाला मी यवतमाळची आहे असं सांगितलं, की समोरचा माणूस आवाज खाली करायचा. कापसाच्या बातम्यांनी आमच्या जिल्ह्याची तेवढीच ओळख करून ठेवली होती. त्या खालच्या आवाजाचा मला संताप यायचा. आमच्याकडे माणसं जेवत होती, भांडत होती, लग्नं जमवत होती आणि ईमेलही पाठवत होती.

हे मी छातीठोक सांगू शकते, कारण पुण्याच्या एका कंपनीच्या मेल सॉफ्टवेअरचं काम मी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, बाबांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानामागच्या खोलीत बसून करायचे. इथले जिनिंगवाले, बियाण्यांचे दुकानदार तोच प्रोग्राम वापरत. काही बिघडलं की फोनबिन न करता सरळ दुकानात येऊन माझ्याशी भांडत.

नव्या आवृत्तीत बिघडलं ते असं. मेल पोचला की समोरचा सर्व्हर ‘मिळाला’ अशी पोच देतो. ती लगेच द्यावी, असं ईमेलच्या नियमांतच लिहिलेलं आहे. आमच्या साहेबांनी मात्र ठरवलं, की सर्व्हर मेल ठेवून घेईल, त्यात व्हायरस आहे का बघेल आणि मग सावकाश पोच देईल. पुण्यात हे चुटकीसरशी व्हायचं. आमची टेलिफोनची लाइन तेवढ्यात तुटायची. पोच नाही म्हणजे मेल गेलाच नाही, असं समजून प्रोग्राम लाइन लागल्यावर तोच मेल पुन्हा पाठवायचा.

मी दुरुस्ती लिहिली. पोच आधी, तपासणी नंतर. साहेबांनी ती घेतली नाही.

“अहो, लाइन तुमची खराब आहे, प्रोग्राम नाही,” ते फोनवर म्हणाले. “असं करा, तुम्ही पुण्यालाच या. पुढच्या महिन्यापासून तिथून काम बंद. यायचं नसेल तर तसं कळवा.”

मला पुण्याला जायचं नव्हतं. आपल्या गावात राहायला माणसाला कारण कशाला लागावं? आणि नोकरीही सोडायची नव्हती. असलं काम यवतमाळात दुसरं कुठे मिळणार होतं?

जेवताना बाबांनी विचारलं, “तुले जायचं हाय का?”

“नाही.”

“मंग सांगून दे ना त्याले. चूप काहून बसली?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मेल लिहिला. ‘मी येणार नाही. लाइन खराब आहे हे खरं, पण ती इथल्या सगळ्यांचीच खराब आहे आणि प्रोग्राम आपण त्यांनाही विकला आहे. मला कामावरून काढायचं असेल तर काढून टाका.’ एक प्रत मुद्दाम कंपनीच्या मालकांना लावली. नव्या आवृत्तीतूनच पाठवला आणि कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून बाबांना चहा द्यायला गेले.

दुपारी साहेबांचा फोन आला.

“मॅडम, कळलं मला. सकाळपासून तुमचा तोच मेल येतोय. मालकांकडेही. त्यांनी मला बोलावून विचारलं, ही बाई कोण आहे म्हणून. असा सारखा सारखा पाठवायची काय गरज होती?”

“सर, मी एकदाच पाठवला.”



मग साहेबांनी विचारलं, “ती दुरुस्ती आहे का अजून तुमच्याकडे?”

“आहे,” मी म्हटलं. “इथूनच पाठवते. आणि यापुढच्याही इथूनच पाठवीन.”