पॅकिंगताई आणि दादाच्या पिशव्या

टॉवेलांच्या कारखान्यात पॅकिंग खातं सांभाळणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. तिच्याहून वयाने मोठे असलेले हमालही ताई म्हणत आणि मॅनेजरसाहेबही. इतक्या लोकांची ताई होऊन तिचा फायदा काहीच नव्हता. उलट कुणाचं काही अडलं, हरवलं, बिघडलं की पहिली हाक तिच्याच नावाने. संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्याने साधं "अगं, ऐकलंस का" म्हटलं तरी तिच्या कपाळावर आठी पडायची. नवरा बिचारा समजूतदार होता. तो म्हणायचा, "राहू दे, उद्या सांगतो." आणि उद्याही सांगायचा नाही.

काम पाहायला सोपं. टॉवेलाची घडी घालायची, काठ पुढे येईल असा ठेवायचा, पारदर्शक पिशवीत सरकवायचा, तळहाताने दाबून हवा काढायची आणि तोंड बंद करायचं. मग खोकं, मग चिकटपट्टी, मग ट्रक, मग जहाज. टॉवेल कुठल्या देशात कुणाचं अंग पुसतात याचा ताईने फारसा विचार केला नव्हता. ते तिथे कोरडे पोचले पाहिजेत, एवढं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

पिशव्या यायच्या तिच्या सख्ख्या भावाच्या शेडमधून. शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकच्या नळीचे मोठे रोल आणि एक यंत्र. गरम पट्टी खाली यायची, नळी कापली जायची, चिकटायची, आणि पिशवी टोपलीत पडायची. लहानपणी ताई शाळेतून आली की त्या टोपलीजवळ बसून गठ्ठे बांधायची. पुढे पिशव्या पोचवायला कारखान्यात जाऊ लागली. तिथल्या तेव्हाच्या पॅकिंगवाल्या बाईने तिचे हात पाहिले आणि म्हणाली, "तू इथेच का बसत नाहीस?" ती बसली, ती बसलीच.

तर एका सकाळी मॅनेजरसाहेबांनी तिला बोलावलं. समोर एक पाहुणी बसली होती, माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची इथली बाई. कारखान्यांना भेटी द्यायच्या, प्लास्टिक कमी झालं का, पाणी किती वापरलं, धूर किती सोडला, हे बघायचं, हे तिचं काम. पॅकिंगच्या बायकांनी तिचं नाव आधीच पर्यावरणबाई ठेवून टाकलं होतं.

साहेब म्हणाले, "ताई, पुढच्या हंगामापासून प्लास्टिकची पिशवी बंद. कागदी पिशवी. कंपनीने जगभर जाहीर केलंय."

ताई म्हणाली, "कागद दमट हवेत टिकत नाही, साहेब. माल जहाजात किती दिवस असतो."

"ते ठरलंय," साहेब म्हणाले. ताई दाराशी पोचली तेव्हा साहेबांनी मागून सांगितलं, "आणि तुमच्या भावाला तुम्हीच सांगा. घरचं माणूस असलं की बरं असतं."

कुणासाठी बरं, ते त्यांनी सांगितलं नाही.

ताई त्याच संध्याकाळी दादाकडे गेली. वहिनींनी चहा टाकला. दादाने यंत्राच्या पट्ट्याविषयी, छपराच्या गळतीविषयी, लेकीच्या अभ्यासाविषयी सांगितलं. ताईने सगळं ऐकलं, कप विसळून ठेवला आणि घरी आली. दोन दिवसांनी पुन्हा गेली, पुन्हा चहा प्यायली, पुन्हा परत आली. तिसऱ्यांदा ती दारात दिसल्यावर दादाने यंत्र बंद केलं.

"चिमे," तो म्हणाला. पन्नाशी जवळ आलेल्या बहिणीला तो अजून चिमीच म्हणायचा. "तू चहासाठी एवढी चालत येणारी नाहीस. काय झालंय?"

तिने सांगितलं. दादा बराच वेळ टोपलीतल्या पिशव्या सरळ करत राहिला. शेडच्या मागे नाला होता, त्यात आख्ख्या वस्तीचं प्लास्टिक अडकायचं. पाऊस झाला की ते पाणी यांच्याच दारात यायचं. दोघांनाही ते ठाऊक होतं. म्हणून तर ताईला त्या पाहुणीवर धड रागावताही येत नव्हतं.

"चुकीचं नाहीये त्यांचं," दादा शेवटी म्हणाला. "कागदी पिशव्या मीच करून दिल्या तर?"

मग दादाच्या घरात कागद आला. वहिनी, दादा आणि कॉलेजातून आली की लेक, असे तिघे जमिनीवर बसून कापायचे, दुमडायचे, डिंक लावायचे. पहिल्या पिशव्या तिरक्या झाल्या. दुसऱ्या खेपेच्या उकलल्या. मग दादाने लाकडाचा साचा करून घेतला आणि पिशवी अशी सरळ यायला लागली की ताईने ती हातात घेऊन उगाचच दोनदा उघडमीट केली. वहिनी म्हणाल्या, "आता तुमच्या साहेबांनी नाही म्हटलं तर मी स्वतः येऊन भांडेन." आणि हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या असाव्यात, कारण दादाने वळून बघितलं.

पुढच्या भेटीला ताईने त्या पिशव्या पर्यावरणबाईच्या समोर ठेवल्या. तिने हात फिरवून पाहिला, आत टॉवेल घालून पाहिला.

"छान आहेत," ती म्हणाली. "पण घेता येणार नाहीत."

"का?"

"कागद कुठल्या जंगलातून आला, त्याचा दाखला लागतो. नुसता कागदाचा नाही, पिशवी करणाऱ्याचाही. त्यासाठी तपासणी होते, वेगळं गोदाम लागतं, दरवर्षी फी भरावी लागते. एका शेडला ते झेपणार नाही. मी तुम्हाला खोटी आशा लावत नाही."

ताईला वाटलं, लावली असती तर निदान आजचा दिवस निघाला असता. तिने पिशव्या गोळा केल्या. पर्यावरणबाईने त्यातली एक मागून घेतली. कशासाठी, ते ताईने विचारलं नाही.

दाखलेवाल्या पिशव्या आल्या त्या समुद्रापलीकडून. ट्रक लागला, हमालांनी गठ्ठे उतरवले आणि पॅकिंगच्या बायका भोवती जमल्या. प्रत्येक गठ्ठा जाड, चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता. कागदाला ओल लागू नये म्हणून. एक बाई म्हणाली, "ही आपल्या पिशवीची आई दिसतेय." सगळ्या खळखळून हसल्या. मग प्लास्टिक फाडायला बसल्या, आणि फाडता फाडता हसू विरून गेलं. दिवसाअखेरीस हॉलच्या मागे त्या प्लास्टिकचा ढीग झाला. रोज वाढायचा. कुणी नेत नव्हतं.

पर्यावरणबाई यायच्या आदल्या दिवशी साहेबांनी ढिगावर ताडपत्री टाकून घेतली. पण ताडपत्री वाऱ्याने उडते हे साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. पाहुणी मागच्या दाराने बाहेर आली तेव्हा ढीग उघडाच होता.

"हे काय?" तिने ताईला विचारलं. साहेब मागून डोळ्यांनी खुणावत होते.

ताई इतकी दमली होती की खोटं रचायचे कष्टही तिला नको वाटले. "कागदी पिशव्यांचं वेष्टन," ती म्हणाली.

पर्यावरणबाई उलट्या क्रेटवर बसली. चपलेतून पाय काढून तिने टाच दाबली. जवळून पाहिल्यावर ताईच्या लक्षात आलं की हिचेही डोळे सुजलेत.

"मला माहीत आहे," ती हळूच म्हणाली. "प्रत्येक कारखान्यात असा ढीग आहे. आमच्याकडे फक्त गिऱ्हाइकाच्या हातात पडणारं प्लास्टिक मोजतात. हे मोजायचंच नाही असं ठरलंय. मी दोनदा विषय काढला. दुसऱ्यांदा काढला तेव्हा माझ्या हद्दीत आणखी तीन देश दिले."

ताईला तिच्यासाठी चहा सांगावासा वाटला. तिने सांगितला. दोघी तिथेच ढिगासमोर बसून प्यायल्या.

दादाकडे आता फक्त फुटकळ गिऱ्हाइकं उरली होती. यंत्र आठवड्यातून एखाद्या दिवशी चालायचं. दादाने कधी ताईला बोल लावला नाही, आणि तेच तिला जड जायचं. सुट्टीच्या दिवशी ती वहिनींना मदतीला जायची आणि शेडकडे पाठ करून बसायची.

मग व्हायचं तेच झालं. पावसाळ्यात गेलेला माल तिकडे कुबट वास मारत पोचला. मोठी बोंब झाली, माल परत घेण्याच्या गोष्टी निघाल्या. चार-सहा आठवड्यांत कंपनीने गाजावाजा न करता कळवलं की प्रत्येक खोक्याच्या आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी लावायला हरकत नाही. गिऱ्हाईक खोकं बघत नाही, तेव्हा ते मोजायचीही गरज नाही.

तो निरोप ऐकून ताई साहेबांच्या खोलीतून हलली नाही. साहेब कागद चाळत म्हणाले, "आणखी काही?"

"अस्तर दादाकडून घ्या."

"मान्यताप्राप्त पुरवठादारांत तो बसत नाही, ताई."

"मग बसवा. एवढी वर्षं त्याची पिशवी कधी उकलली नाही. त्याला घालवायला मला पाठवलंत, मी गेले. आता परत आणायला तुम्ही काहीतरी करा." तिचा आवाज चढला नव्हता. नुसता सपाट होता. साहेबांनी चष्मा काढला आणि पर्यावरणबाईला फोन लावून ताईच्या हातात दिला.

पर्यावरणबाईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मागचा तो ढीग अजून आहे? तो वितळवून त्याचाच रोल करून घेतला आणि भावाने त्यातून अस्तरं बनवली, तर मी वर भांडू शकते. वेळ लागेल."

लागला. एका कचेरीने दुसऱ्या कचेरीला विचारलं, दुसरीने तिसरीला. हिवाळा सरला, उन्हाळा आला. ताईने दादाला काही सांगितलं नाही, कारण पुन्हा आशा लावून ती पुन्हा मोडायचं तिच्यात धाडस नव्हतं. आणि एके दिवशी परवानगी आली. पर्यावरणबाईने स्वतः फोन करून सांगितलं. तिच्या आवाजात आनंद होता, पण तोही दमलेला.

ताई कामावरून तडक शेडकडे गेली. शेडचं दार सताड उघडं होतं आणि आत सायकली होत्या. यंत्र गेलं होतं. जमिनीवर त्याच्या पायांचे चार फिकट चौकोन होते.

"मागच्या आठवड्यात विकलं," दादा म्हणाला. तो पंक्चर काढत होता. "तुला सांगणार होतो. या सुट्टीला तू आलीच नाहीस."

ताईने परवानगीचं सांगितलं. एका दमात सांगितलं, ढिगापासून फोनपर्यंत. दादाने हातातलं चाक थांबवलं.

"एवढं केलंस माझ्यासाठी."

"यंत्र परत घेता येईल. किंवा दुसरं घेऊ."

"नको, चिमे." त्याने हात फडक्याला पुसले. "आता नको. उद्या ते अस्तरही बंद करतील, आणि तू पुन्हा चहा प्यायला येशील तीन-तीनदा. तो जळक्या प्लास्टिकचा नाकात बसलेला वास गेलाय. रात्री खोकला येत नाही. कमाई कमी आहे, आहे. चालतंय."

ताईला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग, आणि तोही फार वेळ टिकला नाही. ती सायकलींच्या मधून वाट काढत बाहेर आली. वहिनी फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. ते खरंच झोपतात हल्ली."

दुसऱ्या दिवशी तिने पर्यावरणबाईला कळवलं. ती पलीकडून म्हणाली, "ठीक आहे. दुसऱ्या कुणाला तरी देऊ. परवानगी तर मिळाली." आणि खरंच, पुढे दुसऱ्या गावच्या एका शेडला ते काम मिळालं. हॉलमागचा ढीग दर महिन्याला टेम्पोत भरून जाऊ लागला. तेवढं मात्र झालं.

दादाने ताईच्या नवऱ्याची जुनी सायकल फुकट दुरुस्त करून दिली. नवरा ती घेऊन घरी आला तेव्हा ताई पाय वर घेऊन पडली होती. साहेबांनी दुपारीच सांगितलं होतं की आता चिकटपट्टी बदलायची आहे, नवी पट्टी कागदी, पाणी लावून चिकटवायची.

"अगं, ऐकलंस का," नवरा म्हणाला आणि सवयीने थांबला.

"सांग," ताई म्हणाली. "आजच सांग."