जवाईबापूंचे आठ स्टड

आमचा जावई गाडी पळवतो हे आमच्या गावात, रिठदात, सगळ्यांना माहीत होतं, कारण ते त्यानं स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं. साध्या रस्त्यावर नाही, ट्रॅकवर. म्हणजे कुठं जायचं नाही, काही आणायचं नाही. वळणावळणाच्या डांबरी रिंगणात जीव खाऊन फिरायचं आणि निघालो तिथंच परत यायचं. तेल्याचा बैल असाच फिरतो, पण त्याच्या फिरण्यातून निदान तेल निघतं.

मी एसटीच्या डेपोत तीस वर्षं फिटर होतो. त्यातली निम्मी चाकांपाशी गेली. पन्नास माणसं भरलेल्या गाडीचं चाक घाटात निखळू नये, एवढंच माझं काम. त्या कामाला कधी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि वाजवाव्यात असं मलाही वाटलं नाही. जावई मात्र दर दोन वाक्यांनी टाळ्यांसाठी थांबायचा.

त्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर मुलगी आणि तो आठ दिवस राहायला आले. पुण्याहून ती ट्रॅकवरची गाडीच घेऊन आले होते. जुनी, लहान, मागची सीट काढून टाकलेली, बाजूला मोठा आकडा चिकटवलेली. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यानं अंगणात ती जॅकवर चढवली आणि एक चकचकीत डबा उघडला. आत कागदात गुंडाळलेले आठ स्टड होते.

चाक ज्या गोल तुकड्यावर बसतं तो हब. त्यातून चार दांडे बाहेर आलेले असतात. चाक त्यांच्यावर अडकवून वरून नट आवळतात. ते दांडे म्हणजे स्टड. ते हबच्या भोकात मागून दाबून बसवलेले असतात आणि त्यांच्या मानेवर बारीक दाते असतात. दाते भोकात रुतले की स्टड जागेवर फिरत नाही. सगळं इमान त्या दात्यांत असतं.

"मामाजी, ट्रॅकवर ब्रेक इतके तापतात की कंपनीचे स्टड ताणले जातात," तो मला समजावू लागला. "शिवाय चाक थोडं बाहेरच्या अंगाला यावं म्हणून मी हब आणि चाकामध्ये स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, टाकल्यात. त्यामुळं लांब स्टड लागतात. पुढच्या दोन्ही चाकांचे आठही बदलणार."

यात चूक काही नव्हतं. ऐकीव असलं तरी खरं होतं. पण त्याला स्टड बदलायचे नव्हतेच, स्टड बदलल्याचा व्हिडिओ करायचा होता. त्यानं बाजेवर मोबाईलचा स्टँड लावला. म्हैस चौकटीत यावी म्हणून गाडी दोनदा मागंपुढं केली. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मामाजी, तुमच्याकडं धोतर आहे का? फ्रेममध्ये छान दिसेल."

मी जन्मात धोतर नेसलेलो नाही. खाकी पँटीत उमर गेली. "नाही," म्हणालो आणि बाजूला झालो.

जुने स्टड त्यानं हातोड्यानं ठोकून काढले. मागं जागा पुरेना तेव्हा ब्रेकमागचा पत्रा वाकवला. मला राहवेना. मी घरातून माझा बारीक माप घ्यायचा व्हर्नियर आणला, डब्यातला एक स्टड घेतला, काढलेला एक घेतला, दोघांच्या माना मोजल्या. नव्याची मान बारीक होती. फार नाही, पण अशा ठिकाणी केसभरही फार असतं.

"जवाईबापू, याची मान बारीक हाय," मी म्हणालो. "भोकात पक्का बसनार नाई. फिरन."

तो हसला. माझ्याकडं बघून नाही, मोबाईलकडं बघून. "मामाजींनी आयुष्यभर एसटीचे स्टड बसवलेत. पण ही रेसिंगची क्वालिटी आहे. याचं मटेरियलच वेगळं असतं."

मटेरियल सोन्याचं असलं तरी बारीक ते बारीकच. मी हे बोलणार, तेवढ्यात ओसरीतून बायकोनं हाक मारली. आत गेलो तर हळू आवाजात म्हणाली, "कायले बोलून राह्यले तुमी? त्याइची गाडी, त्याइचं सामान. जवाई हायेत ते."

"चाक निंगन म्हनून बोलून राह्यलो. त्या गाडीत आपली पोरगी बसते."

"मंग ते काय तिले मारतीन? शिकेल माणूस हाय. चार दिवसासाठी आले, गोडानं राहू द्या."

चुलीवर पुरण शिजत होतं. मी गप्प बसलो. तीस वर्षांत डेपोच्या साहेबानं सांगूनही मी एक चुकीचा नट गाडीला जाऊ दिला नव्हता. इथं पुरणपोळीपुढं जाऊ दिला. जावयाची कीव करतो तेव्हा हेही आठवतं आणि मग दोघांचीही सारखीच शिसारी येते.

बाहेर त्यानं बॅटरीवरच्या बंदुकीसारख्या मशीननं नट आवळत स्टड भोकात ओढून घेतले. योग्य मापाचा स्टड भोकात शिरताना माणसाचा घाम काढतो. शक्यतो तो प्रेसवर दाबूनच बसवतात. याचे लोण्यात सुरी शिरावी तसे सरसर आत सरकले. "बघा किती स्मूथ!" तो मोबाईलला म्हणाला. म्हैस शेण टाकून मोकळी झाली. त्या व्हिडिओतलं तेवढंच खरं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मुलीच्या मावशीकडं मेडशीला जेवायला निघाली. दहाच्या सुमारास मुलीचा फोन आला. आवाज शांत होता.

"बाबा, मेडशीच्या अलीकडं थांबलो आमी. डाव्या बाजूनं खडखड याले लागली, स्टिअरिंग कापाले लागलं, म्हनून मी गाडी बाजूले घेतली. नट हातानं हलून राह्यले. एक तं निघतही नाई अन आवळतही नाई. नुसता फिरते."

"चाकाले हात लावू नका," म्हणालो. "येतो."

पिशवीत पाने भरले, लांब टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेतली आणि वाशीमची एसटी धरली. तिथून अकोल्याची. कंडक्टरनं ओळखलं. "काका, रिटायर झाल्यावरही टॉमी घेऊन कुठं?"

"जवाई अटकला."

"कुठं?"

"स्वतःच्याच हुशारीत," म्हणालो. तो हसला. मला हसू आलं नाही.

मेडशीच्या अलीकडं उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलं होतं आणि त्याच्या पलीकडं ती आकडा लावलेली गाडी एका कुशीवर कलल्यासारखी उभी होती. मुलगी चाकापाशी उकिडवी बसली होती. जावई बाभळीच्या सावलीत उभा होता. मोबाईल खिशात होता, आणि तो खिशात असलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

तीन नट निघाले. चौथा स्टडसकट भोकात फिरत होता. पाना लावला की दोघं मिळून गिरगिर फिरायचे. अशा वेळी एक इलाज असतो. चाकामागं टॉमी घालून चाक बाहेर ओढून धरायचं, म्हणजे स्टडचं डोकं मागून हबला दाबून बसतं, आणि तेवढ्यात नट फिरवायचा.

"या, टॉमीवर भार द्या," मी जावयाला म्हणालो.

तो आला. टॉमी चाकाला लागलेली बघून म्हणाला, "मामाजी, रिमला ओरखडा पडेल. अलॉय आहे."

मुलीनं टॉमी घेतली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. मी पाना ओढला. पहिल्यांदा सुटला, दुसऱ्यांदा सुटला, तिसऱ्यांदा करकरत नट वळला. चाक उतरलं. हबचं ते भोक त्या कडक स्टडनं घासून मोठं करून ठेवलं होतं. स्टड बोटानं ढकलला तर मागं पडला.

"हे काय झालं?" जावयानं विचारलं.

"रेसिंगची क्वालिटी," मी म्हणालो. वय झाल्यावर असं टोचू नये म्हणतात. मला बरं वाटलं.

तो खाली बसला. त्या भोकाकडं बघत म्हणाला, "मायला, तुमची पोरगी गाडी चालवून राह्यली होती, मामाजी. स्पीडमधी निंगालं असतं तं..." पुण्याची मराठी कुठल्या कुठं गेली होती. तो मूळचा इकडचाच, धनज गावचा, हे मी विसरलोच होतो. त्या एका वाक्यापुरता तो मला माणूस वाटला. मग त्यानं पुढं जोडलं, "ऑनलाइनवाल्यानं फसवलं." आणि ते संपलं.

दोन्ही बाजूंचे हब काढून, एका ओळखीच्या पिकअपमध्ये टाकून मी आणि मुलगी वाटेत मागं राहिलेल्या मालेगावला गेलो. जावई गाडीपाशी राखणीला बसला. मालेगावात माझ्या जुन्या सोबत्याचं वर्कशॉप आहे, प्रेस आहे. स्पेअरच्या दुकानातून डावीकडं नवा हब घेतला आणि दोन्हींसाठी कंपनीच्या मापाचे साधे आठ स्टड. प्रत्येकाची मान मी मोजली. प्रेसखाली ते एकेक करत कुरकुरत बसले. तो आवाज ऐकला की मला आजही झोप चांगली लागते.

"स्पेसर आता नाई लागनार," मी मुलीला म्हणालो. "हे स्टड लांबीले कमी हायेत. तुझ्या नवऱ्याले चालन काय?"

"मले चालन. मीच चालवते."

"आज चालवत होती ते माहीत हाय. ट्रॅकवरचं म्हनतो मी."

ती हात पुसत होती. म्हणाली, "ट्रॅकवरही मीच चालवते, बाबा. पहिल्यापासून. त्याले दुसऱ्याच वळनावर ओकारी होते. तो हेल्मेट घालून बसताना व्हिडिओ काढते, मंग उतरते, मंग मी बसते. हेल्मेटमधी कोन हाय हे कोनाले दिसते?"

गावभर ज्याचे पोवाडे ऐकले, ती माझीच पोर निघाली. अभिमान वाटायला हवा होता, आणि वाटलाही असेल, पण आधी राग आला.

"अन् तू चालू देते हे? कायले?"

"त्याले मिरवनं आवडते, मले गाडी आवडते. सामान तो आनते, पैसा तो लावते, माह्या आड कधी येत नाई. आमचं भागते." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "तुमी त्याले लय खाली पाहता, बाबा. त्याले समजते ते."

"स्टडची मान समजत नाई, हे बरं समजते," मी म्हणालो. ती हब उचलून पिकअपकडं निघाली.

संध्याकाळपर्यंत चाकं चढली. टॉर्क रेंच, म्हणजे नट मोजून आवळायचा पाना, जावयाच्या डिक्कीतच होता, नवाकोरा, प्लास्टिकसुद्धा न फाडलेला. मी मुलीला त्या पान्यानं नट आवळून दाखवले. समोरासमोरचे, टप्प्याटप्प्यानं. ट्रॅकवर चाक तापून निवलं की परत तपासायचे, बॅटरीची ती मशीन लावायची नाही, हेही सांगितलं. जावई मागं उभा राहून मान हलवत होता.

महिन्याभरानं व्हिडिओ आला. त्यात अंगण होतं, म्हैस होती, चकचकीत डबा होता. मेडशी नव्हती. शेवटी तो सांगत होता की बरीच टेस्टिंग करून आपण कंपनीच्या मापाचेच स्टड निवडले, कारण सेफ्टी पहिली. गावातल्या लोकांनी मला तो दाखवून जावयाचं कौतुक केलं. मी हो म्हणालो. बायकोनं तो चार वेळा पाहिला.

मुलगी त्यानंतर तीनदा म्हणाली, "बाबा, एकदा ट्रॅकवर या. मले चालवताना पहा." दर वेळी मी पिकाचं, गुडघ्याचं, कशाचं तरी निमित्त सांगितलं. खरं कारण एवढंच, की तिथं गेलो तर तिच्या आधी त्याला त्या सीटवर बसून हात हलवताना बघावं लागेल, आणि तेव्हा माझं तोंड माझ्या ताब्यात राहणार नाही.

आता ती विचारत नाही. फोन करते, तब्येतीचं विचारते, आईशी बोलते. गाडीचं माझ्यापाशी काढत नाही. ती गाडी चालवताना कशी दिसते, हे मी अजून पाहिलेलं नाही.