कमरपट्ट्याचं माप

देवीवर माझा विश्वास होता की मला तिची नुसती भीती वाटत होती, हे त्या वर्षी मला कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. माझी मुलगी जुई तेव्हा नऊ वर्षांची होती. ती तीन वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून आम्ही दोघंच शहरालगतच्या मांजरी गावात भाड्याच्या घरात राहतो. माझं गाव यवतमाळकडचं, आई अजून तिकडेच असते. मी इथे एका लहानशा कारखान्यात हिशेबाचं काम बघतो. सकाळी डबे, जुईची वेणी, शाळेची व्हॅन, मग नोकरी, संध्याकाळी अभ्यास आणि स्वयंपाक. आमची घडी बरी बसली होती. जुईचं अपेंडिक्स पोटातच फुटलं आणि ती सगळी घडी विस्कटली.

संसर्ग पोटभर पसरला होता. एक शस्त्रक्रिया झाली, मग दुसरी. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून मी आमच्या घराजवळच्या, उसाच्या शेतांना लागून असलेल्या देवळातल्या देवीला म्हणालो, हिला घरी येऊ दे, मी तुला चांदीचा कमरपट्टा घालीन. चांदीचा भाव काय आहे, हे त्या क्षणी मनातसुद्धा आलं नाही. जुई बरी झाली, घरी आली. देवीने तिचं काम केलं होतं. आता पाळी माझी होती.

कंपनीच्या विम्याची मर्यादा निम्म्या बिलातच संपली होती. उरलेल्यासाठी मी जुईच्या आईच्या बांगड्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या, क्रेडिट कार्ड वापरलं आणि जुईच्या मामांकडून बरीच मोठी रक्कम घेतली. नंतर खर्च आवळला. मोटरसायकल विकून बसने जाऊ लागलो. कामासाठी शहरात गेलो की परतताना मंडईत थांबायचो, कारण दिवस मावळताना भाजी स्वस्त मिळते. दोन-तीन दुकानदारांचे जीएसटीचे कागद घरी आणून बघायला लागलो. तरी कार्डाची थकबाकी हलेना, कारण मी दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत होतो आणि व्याज वाढत होतं. दुसऱ्या कुणाला मी असं कधी करू दिलं नसतं. मामांचे फोन यायचे, ते मी उचलायचो नाही. पैसे मागितले तर काय सांगू, ही लाज होती.

असे काही महिने गेले आणि जुईचं पोट पुन्हा दुखायला लागलं. ताप नव्हता, पण चेहरा उतरलेला, वजन कमी झालेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, त्यांत काही सापडलं नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "नवस फेडला का तू?"

"नाही अजून. पैसे कुठे आहेत, आई?"

"मंग बोलला कायले? देवीचं देनं असं अंगावर ठेवत नसते बापा. पोरीच्या जिवाशी खेळ नोको करू. पहिले ते फेड."

आईचं बोलणं काळजीपोटी होतं, पण मी पुरता घाबरलो. शस्त्रक्रियेनंतरचे ते दिवस पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहिले. मोबाइलवर झटपट कर्ज देणाऱ्यांचे संदेश येतच होते. त्यातल्या एकाकडे अर्ज केला, तो मंजूरही झाला, रक्कम उचलायची तेवढी बाकी होती. व्याज भयंकर होतं, पण त्या रकमेत कमरपट्टा होत होता. सोनाराने सांगितलं, मूर्तीच्या कमरेचं माप आणा. म्हणून एका शुक्रवारी रजा टाकून, शाळा सुटल्यावर जुईला घेऊन, खिशात सुतळी घालून मी देवळात गेलो.

गाभाऱ्यात गुरव नव्हते. साठीच्या आसपासची एक बाई समया पुसत बसली होती. ठसठशीत कुंकू, पदर खोचलेला. मी सुतळी काढलेली पाहून तिने हात थांबवला.

"ते काय करताय?"

मी नवसाचं सांगितलं. माप घेऊन लगेच सोनाराकडे जायचंय, म्हणालो.

"पैसे हायेत?"

असा प्रश्न देवळात कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी कर्जाचं सांगून टाकलं. का सांगितलं, कुणास ठाऊक. मग बांगड्यांचं, कार्डाचं, मामांचंही सांगितलं. इतक्या महिन्यांत ते सगळं मी कुणापाशी बोललोच नव्हतो.

तिने ऐकून घेतलं आणि कोरडेपणाने म्हणाली, "ठेवा ती सुतळी खिशात. उसनवारीच्या चांदीसाठी मी आईच्या अंगाला दोरा लावू द्यायची न्हाई. देवी काय सावकार हाय व्हय, वसुलीला पोरगी आजारी पाडायला?"

मी सुतळी गुंडाळून खिशात घातली. तिचं लक्ष आता जुईकडे गेलं होतं. "पोरगी जेवली का?"

"डबा नेते ती," मी म्हणालो.

बाईने आपल्या पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी आणि वाटीभर वाटाण्याची उसळ काढली आणि जुईसमोर ठेवली. जुईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ती ज्या रीतीने जेवली, ते मी जन्मात विसरणार नाही. एकही शब्द न बोलता, भराभरा, शेवटचा तुकडा वाटीत फिरवून.

"डबा कुणाला देती गं?" बाईने विचारलं.

जुई खाली बघत म्हणाली, "देत नाही. मी बाबाला थोडाच भरायला सांगते. आणि दूध नको म्हणते." मग अगदी हळू, "माझ्यामुळेच पैसे संपले ना."

मी फोनवर आईशी बोलायचो, ते ती ऐकत होती. दूध आवडत नाही, भूक नाही, ही तिची वाक्यं मी आजारपणाच्या खाती टाकत गेलो होतो, आणि घरात दुधाचा खर्च कमी झाला याचं मनातून बरंही वाटलं होतं. मी तिथेच फरशीवर बसलो. तिला जवळ घेतलं. काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक नुसतं "नाही गं, नाही गं" एवढंच.

बाई पुन्हा समया पुसायला लागली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "देवीआईला तोंडानं सांगा, उशीर हुईल म्हणून. तिला कळतंय. आन् ज्यांचं घेतलंय त्यांना बी सांगा."

मी मूर्तीसमोर उभा राहिलो आणि मोठ्याने बोललो. आई, माझ्याकडे आत्ता नाही. कधी होईल सांगता येत नाही. मुलगी तुझीच आहे, सांभाळ. एवढंच. आकाशवाणी झाली नाही, कौल मागितला नाही. पण छातीवरचं काहीतरी उतरलं, हे खरं.

घरी येऊन ते कर्ज रद्द केलं. मग मामांना फोन लावला. मी दिलगिरी सांगायला लागलो तसे ते भडकले. "अहो, पैशांसाठी कोण फोन करत होतं? पोरीची तब्येत विचारायला करत होतो. तुम्ही उचलेनात, म्हटलं काय झालं की काय!" त्यांनी सांगितलं, आधी बाकीच्यांचं उरका, आमचं शेवटी. बँकेशी बोललो तेव्हा त्यांनी कार्डाची थकबाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बांधून दिली. ही सोय आधीही होती, मी विचारलं नव्हतं. सगळ्यात महाग कर्ज आधी, मग बांगड्या, मग मामा, असं ठरवलं. आणि दूध पुन्हा सुरू केलं. जुईचं पोट दुखायचं थांबलं.

गावी आईला फोन करून मी काय घडलं ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवाले देत जा तिले नीट."

पुढच्या शुक्रवारी त्या बाईंना भेटायला गेलो, तर त्या निघून गेल्या होत्या. त्या गुरवांची बहीण, लोणी काळभोरला दिलेली, भावाकडे चार दिवस आल्या होत्या. पुढे जत्रेत त्या पुन्हा दिसल्या. मी पाया पडलो, सगळं सांगितलं. त्यांना आम्ही आठवतसुद्धा नव्हतो. "असंल बाबा, लई लोक येतात," एवढं म्हणून त्या नारळ फोडायच्या कामाला लागल्या. आधी मला जरा वाईट वाटलं. नंतर वाटलं, बरोबरच आहे. त्या दिवशी त्या बोलल्या, भाकरी दिली, त्यांचं काम झालं. जिने त्यांना तिथे बसवलं होतं, त्या देवीचे आभार मी मानायचे.

फेडायला वर्षं लागली. मधे एकदा माझा पगार रखडला, एकदा जुईचा हात मोडला, हप्ते चुकले, पुन्हा जुळवले. बांगड्या सुटून आल्या. मामांचे शेवटचे पैसे गेल्या दिवाळीत दिले. कमरपट्टा अजून झालेला नाही. त्यासाठी आता दर महिन्याला थोडे बाजूला टाकतो, आणि एखाद्या महिन्यात जमलं नाही तर देवीला तसं सांगतो.

शरण जाणं म्हणजे आपल्यापाशी नसलेलंही तिच्या पायी आणून ओतणं, असं मी समजत होतो. आता मला एवढंच कळतं, की जे आहे ते आणि जे नाही ते, दोन्ही तिच्यासमोर न लपवता ठेवायचं. पुढचं तिने बघावं. आजवर तिने बघितलं आहे. समोर जुई जेवते आहे, आणि आज तिने भात दुसऱ्यांदा मागून घेतला.